एम ८ नंतर कोणता घेऊ?

पत्र

भाऊ, सप्रेम नमस्कार.

मी ब्रह्मपुरी तालुक्यातला. लग्नाचे फोटो हा माझा धंदा, त्यासाठी मिररलेस कॅमेरा आहे. पण धान घरात आलं, मंडईचे, म्हणजे जत्रेचे, दिवस लागले की इकडे झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात आणि मी माझा जुना लायका एम ८ घेऊन रात्र-रात्र पडद्यामागे बसतो. हा कॅमेरा एका नातेवाइकानं स्वस्तात दिला. त्यावर व्हॉइग्टलँडरची ३५ मिमी एफ १.४ नोक्टन क्लासिक ही एकच लेन्स आहे. आता पुढचा कॅमेरा घ्यावा म्हणतो. आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची क्षमता, ६४० च्या वर नेली की फोटो नासतो. काळे कपडे जांभळे येतात. फोकसचाही भरवसा नाही: लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून १.४ ला चेहरा चपखल येतो, लहान करून २.८ वर आणलं की डोळे सोडून कान स्पष्ट येतात. मला चष्मा आहे. साडेतीन लाखांपर्यंत सोय होईल. नागपुरात एक जण वापरलेला एम ९ दोन लाख वीस हजारांना आणि एम-पी २४० दोन लाखांना द्यायला तयार आहे. एम १० साडेतीनला मिळतो. की थांबून सरळ एम ११ घेऊ? मित्र म्हणतो, फुजी घे आणि मोकळा हो. बायको म्हणते, "डब्बा तसाच दिसते, मंग एवढे पैसे कायले?"

— एक छायाचित्रकार, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर

भाऊ, नमस्कार.

वहिनींचा प्रश्न आधी घेतो, कारण सगळ्या पत्रात तोच सर्वांत नेमका आहे. डबा खरंच तसाच दिसतो. लायकानं १९५४ साली एम ३ काढला तेव्हापासून लेन्स बसवायचं माउंट तेच आहे आणि खिडकीत दोन प्रतिमा एकमेकींवर आणून फोकस करायची रीत, म्हणजे रेंजफाइंडर, तीही तीच. एम ८ सोडून एम १० घेतलात तरी फोकस तुमचाच हात करणार आणि चुकला तर तोच चुकवणार. म्हणून बॉडीवर किती पैसे टाकायचे ते ठरवण्याआधी तुमच्या तक्रारी सुट्या करून बघू. त्यातली फोकसची तक्रार माझ्या मते बॉडीची नाहीच.

तुम्ही सहज लिहून गेलात की १.४ ला चेहरा चपखल येतो आणि २.८ ला फोकस कानावर जातो. निदान त्या एका वाक्यात आहे. रेंजफाइंडर बिघडला असता तर पहिला फटका १.४ ला बसला असता, कारण तिथे स्पष्ट दिसणारा पट्टा सर्वांत अरुंद असतो. तुमचं नेमकं उलट होतंय. नोक्टन क्लासिक ३५ ची ही जुनी, सगळ्यांना ठाऊक असलेली खोड आहे. भिंगाच्या कडेनं येणारे किरण आणि मधून येणारे किरण एकाच जागी जुळत नाहीत. छिद्र पूर्ण उघडं असताना दोघांची मिळून एक जागा ठरते आणि रेंजफाइंडर त्या जागेशी जुळवलेला असतो. छिद्र लहान केलं की कडेचे किरण अडतात आणि फोकस मागे सरकतो. मिररलेस कॅमेरा लेन्समधूनच बघतो, त्यामुळे त्याला हे दिसतं. रेंजफाइंडरची खिडकी लेन्समधून बघतच नाही. आत छिद्र किती उघडं आहे याचा तिला पत्ता नसतो. ५.६ च्या पुढे स्पष्टतेची खोलीच एवढी वाढते की दोष झाकून जातो, पण २ ते ४ च्या मधल्या पट्ट्यात तो छळतो, आणि रंगभूषेच्या खोलीत तुम्ही नेमके त्याच पट्ट्यात वावरता.

खात्री करायला पैसा लागत नाही. शिंप्याची टेप बाकावर तिरकी ताणून चिकटवा, कॅमेरा तिपाईवर मीटरभर अंतरावर ठेवा आणि मधल्या एका आकड्यावर फोकस करा. मग रिंगला हात न लावता १.४, २, २.८ आणि ४ असे चार फोटो काढा आणि संगणकावर शंभर टक्के मोठे करून बघा. १.४ ला तोच आकडा धारदार आणि पुढे-पुढे धार मागच्या आकड्यांकडे सरकत गेलेली दिसली, तर दोष लेन्सचा. १.४ लाच आकडा चुकला असेल तर रेंजफाइंडरकडे वळा. त्यासाठी दिवसाउजेडी दूरच्या, किमान किलोमीटरभर लांबच्या मोबाइल टॉवरवर लेन्स अनंतापर्यंत फिरवून बघा. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसल्या पाहिजेत. एक प्रतिमा किंचित वर राहिली तर उभी जुळणी ढळली आहे. त्यानं अंतर फारसं चुकत नाही, पण अंधारात जुळवणं जड जातं. गावोगावच्या रस्त्यांवर मोटरसायकलच्या डिकीत किंवा टाकीवर आपटत गेलेला रेंजफाइंडर हळूहळू ढळतोच. कॅमेरा अंगावर, छातीशी ठेवून प्रवास करा. आणि जुळणी ढळली असेल तर घरी पेचकस लावू नका. लायका उघडणारा माणूसच ते करू शकतो, आणि त्याच्यापर्यंत पार्सल पाठवायचा खर्च आत्ताच हिशेबात धरून ठेवा.

आता गंमत बघा. ही लेन्स तशीच ठेवून तुम्ही साडेतीन लाखांचा एम १० घेतला असता, तर २४ मेगापिक्सेलवर तोच दोष आणखी ठसठशीत दिसला असता. तुम्ही बॉडीला शिव्या दिल्या असत्या आणि वहिनींनी तुम्हाला.

जांभळ्या काळ्याची गोष्ट वेगळी आहे. हा एम ८ चा जन्मजात दोष. २००६ साली तो बाजारात आला तेव्हा सेन्सरवरची काच मुद्दाम पातळ ठेवली होती, त्यामुळे अवरक्त किरण पुरेसे अडत नाहीत. कृत्रिम धाग्याचं काळं कापड डोळ्याला काळं दिसतं, पण अवरक्त किरण ते भरपूर परत फेकतं, आणि सेन्सर त्याचा जांभळा रंग करून टाकतो. लायकानं तेव्हा एम ८ घेणाऱ्यांना दोन यूव्ही-आयआर फिल्टर फुकट दिले होते. तुमच्या नातेवाइकानं कॅमेरा दिला, फिल्टर कपाटातच राहिले असणार. एकदा विचारून बघा. जुने फोटोही काढून बघा: जिथे हॅलोजनचे मोठे दिवे होते तिथे खलनायकाचा काळा झगा वांग्यासारखा आला असेल, आणि जिथे नाटक मंडळीनं एलईडी लावलेत तिथे तोच झगा बराचसा काळा असेल. एलईडीत अवरक्त किरण जवळपास नसतात. तेव्हा एम ८ वर फिल्टर लावला की ही तक्रार बरीचशी मिटते. तोच फिल्टर नव्या फुल-फ्रेम (फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) बॉडीवर मात्र चढवू नका, कोपऱ्यांत निळसर-हिरवट झाक येईल.

उरला आयएसओ, आणि इथे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. एम ८ चा १०.३ मेगापिक्सेलचा सीसीडी जातीचा सेन्सर ६४० पर्यंत गोड चालतो, १२५० ला कुरकुरतो आणि २५०० ला हात वर करतो. कनातीमागे एका बल्बच्या उजेडात नट तोंडाला रंग लावतोय, अशा फोटोला आयएसओ ६४० आणि एफ १.४ वर तुम्हाला शटर साधारण १/३० सेकंदाचा मिळत असेल. १/३० ला तुमचा हात स्थिर राहील, पण भुवई कोरणाऱ्या नटाचा हात थांबत नाही. आयएसओ ३२०० म्हणजे पाचपट, तिथे त्याच उजेडात १/१५० मिळतो. एवढा वेग नको असेल तर छिद्र २ वर आणा, १/७५ मिळेल. नाकापासून कानापर्यंत थोडी जास्त खोली पदरात पडते, हात हललेला दिसत नाही, आणि फोकस दोन-चार सेंटिमीटर इकडे-तिकडे झाला तरी फोटो वाया जात नाही. ३५ मिमीला दीड मीटरवर १.४ ची खोली जेमतेम १५ सेंटिमीटर असते. ऑटोफोकसवाल्यांना आयएसओ म्हणजे फक्त कमी दाणे. आपल्यासारख्या हातानं फोकस करणाऱ्याला तो चुकायची मुभा देतो.

म्हणून मला तुमच्यासाठी असा कॅमेरा हवा जो ३२०० ला बिनघोर चालेल, आणि त्याच्या जोडीला अशी लेन्स जी २ आणि २.८ ला फोकस पळवत नाही.

एम ९ या कसोटीवर पहिल्याच फटक्यात बाद होतो. २००९ चा, १८ मेगापिक्सेलचा, लायकाचा पहिला फुल-फ्रेम डिजिटल एम. दिवसाउजेडी त्याचे रंग देखणे, त्याबद्दल वाद नाही. म्हणूनच तो चार वर्षांनी आलेल्या २४० पेक्षा महाग सांगतात. सीसीडीच्या रंगांवर जीव टाकणारे जगभर आहेत. पण त्याचा आयएसओ २५०० ला संपतो आणि १२५० ला तुम्हाला एम ८ चीच आठवण येईल. दुसरं म्हणजे त्याच्या सेन्सरवरची काच गंजते. ओलाव्यानं तिच्यावर ठिपके पडतात, ते पुसून जात नाहीत. कंपनीनं हे मान्य करून बरीच वर्षं सेन्सर फुकट बदलून दिले. २०१७ च्या ऑगस्टनंतर पैसे घेऊन बदलायला लागले आणि पुढे बदलायचे सेन्सरच संपले. पावसाळ्यात चार महिने भिंतींना ओल धरणाऱ्या मुलखात असा कॅमेरा दोन लाख वीस हजार देऊन आणू नये. विकणारा म्हणेल, सेन्सर बदललेला आहे. असेलही. तरी आयएसओची अडचण तशीच राहते.

एम ११ चं उत्तर लांबवत नाही. २०२२ साली तो आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ८,९९५ डॉलर होती. थांबून-थांबून तुम्ही किती मोसम थांबणार? त्याचे ६० मेगापिक्सेल रात्री हातात धरून वापरायचे तर शटर आणखी वेगवान लागतो. तो ३६ किंवा १८ मेगापिक्सेलवर आणता येतो हे खरं, पण मग एवढे पैसे कशाचे मोजले? एका गोष्टीसाठी मात्र तो मला तुमच्या हातात बघायला आवडला असता: इलेक्ट्रॉनिक शटर. एकदम नि:शब्द. ऐन करुण प्रसंगात विंगेतून एम ८ चा तो कर्रर्र आवाज आला की प्रॉम्प्टर कसा बघतो, ते तुम्हाला सांगायला नको. पण झाडीपट्टीच्या मंचावर आता एलईडी दिवे आलेत, आणि इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीनं वाचतो. दिवा लुकलुकणारा असेल तर फोटोवर आडवे पट्टे येतात. म्हणजे जिथे हा शटर सर्वांत जास्त हवा, तिथेच तो दगा देण्याची शक्यता.

लायकानं २०२५ मध्ये एम ईव्ही१ नावाचा कॅमेराही काढलाय. त्यात रेंजफाइंडर नाहीच, इलेक्ट्रॉनिक खिडकी आहे. कोणी "नवीन एम" म्हणून गळ्यात मारायला आला तर एवढं लक्षात असू द्या.

मित्राच्या फुजीबद्दल. तो म्हणतो ते मूर्खपणाचं नाही. एक्स १००-६ हा २०२४ चा कॅमेरा ४० मेगापिक्सेलचा आहे, त्याची लेन्स ३५ मिमीसारखी दिसते, कॅमेरा हाताचा हेलकावा सावरून घेतो, आणि शटर लेन्समध्येच असल्यामुळे आवाज जवळपास नाही. नुसते फोटो हवे असतील तर पडद्यामागे बसायला एवढ्या पैशात त्याहून सोयीचं यंत्र मी सांगू शकत नाही. पण तो रेंजफाइंडर नव्हे. खिडकी कोपऱ्यात आहे म्हणून तसा दिसतो, एवढंच. फोकस यंत्र करतं. लग्नात तुम्ही दिवसभर यंत्राला फोकस करू देता. रात्री, कोणी पैसे देत नसताना, हातानं करता. तुम्हाला ते आवडतं म्हणूनच करता, आणि म्हणूनच पत्र पाठवलंत. मित्राला चहा पाजा आणि विषय बदला.

राहिले एम-पी २४० आणि एम १०, आणि खरा पेच इथेच आहे.

एम १० हा २०१७ चा. सेन्सर २४ मेगापिक्सेलचाच, पण अंधारात २४० पेक्षा सरस. ६४०० ला तो तितका शांत राहतो जितका २४० हा ३२०० ला. अंगानं जुन्या फिल्मच्या एम इतका सडपातळ. आणि तुमच्यासाठी सर्वांत मोलाचं म्हणजे खिडकी. लायकानं तिचं मोठेपण ०.६८ वरून ०.७३ वर नेलं, आणि डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर पन्नास टक्क्यांनी वाढवलं. चष्मेवाल्याला हा फरक हातात घेतल्याबरोबर कळतो. तुम्ही २८ मिमी लेन्स वापरत असता, तर मी डोळे झाकून एम १० म्हटलं असतं, कारण जुन्या खिडकीत चष्म्यासकट २८ ची चौकट दिसतच नाही, डोळा फिरवावा लागतो. पण तुमची लेन्स ३५ ची आहे. ती चौकट २४० मध्येही चष्म्यातून दिसते. थोडं नाक दाबावं लागतं, एवढंच.

आणि एम १० घेतला की साडेतीन लाख संपले. लेन्स तीच, कान स्पष्ट तेच.

एम-पी २४० दोन लाखांत मिळाला तर दीड लाख हातात राहतात. त्यातून व्हॉइग्टलँडरचीच ३५ मिमी एफ २ अल्ट्रॉन अ‍ॅस्फेरिकल घ्या. २०१९ ची, आकारानं चिमुकली, आणि नोक्टनची ती खोड हिच्यात त्रास देण्याइतकी नाही. १.४ चं २ झालं म्हणून हळहळू नका. हिशेब वर केलाच आहे: ३२०० आणि एफ २ ला १/७५. आज तुम्ही १/३० ला झगडताय.

२४० च्या बाजूनं आणखी एक गोष्ट आहे जी पत्रकांत कोणी ठळक छापत नाही. एम ८ आणि एम ९ मध्ये खिडकीतल्या पांढऱ्या चौकटी बाहेरच्या उजेडावर दिसतात. पुढच्या बाजूला त्यासाठी दुधी काचेची वेगळी खिडकी असते. कनातीमागे अंधार झाला की चौकट गुल, आणि तुम्ही अंदाजानं फोटो काढता. २४० मध्ये त्या चौकटी आतल्या एलईडीनं उजळतात, हव्या तर पांढऱ्या, हव्या तर लाल. काळ्या पडद्यासमोर उभ्या नटाभोवती लाल चौकट किती सुखाची वाटते ते एकदा बघाच. एम १० मध्येही चौकट उजळते, पण फक्त पांढरी.

बॅटरीही बघा. २४० ची १,८०० एमएएच, एम १० ची १,१००. कॅमेरा बारीक केला तेव्हा बॅटरीही बारीक झाली. नाटक दहाला सुरू होऊन पहाटे संपतं, मधे चार्जिंगला प्लग मिळालाच तर तिथे आधी ध्वनिव्यवस्थेवाल्याचा मोबाइल लावलेला असतो. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावर चित्र बघायची सोय, बंद ठेवलात तर २४० एका बॅटरीवर रात्र काढतो. एम १० ला खिशात दुसरी हवीच.

दोष सांगायचे तर २४० जाड आहे आणि बॅटरीसकट ६८० ग्रॅम भरतो; एम ८ नंतर मनगटाला जाणवेल. चालू व्हायला क्षणभर जास्त घेतो. ६४०० ला सावल्यांत पट्टे उमटतात, म्हणून ३२०० ही तुमची हद्द समजा. काळ्या कृत्रिम कापडाला हॅलोजनखाली कधीकधी किंचित तांबूस झाक येईल, पण एम ८ सारखा तमाशा नाही. हे सगळं पत्करून माझं मत एम-पी २४० आणि अल्ट्रॉन. साधा एम २४० आणखी स्वस्तात मिळाला तर तोही चालेल; एम-पी मध्ये २ जीबी बफर (फोटो कार्डावर जाईपर्यंत साठवायची जागा) असल्यानं सलग फोटो काढताना तो अडखळत नाही, मुख्य फरक तेवढाच.

एक गोष्ट मात्र मनाशी धरून ठेवा. एम ८ चा सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा लहान होता, १.३३ पटीनं कापलेला. तुमची ३५ इतकी वर्षं ४७ सारखी दिसत होती. नव्या कॅमेऱ्यावर ती खरी ३५ होईल आणि पहिले काही दिवस प्रत्येक फोटोत नको ते आत शिरेल: पाण्याचा कॅन, कोणाची चप्पल, मोबाइलवर बोलणारा मॅनेजर. कापून काढायच्या फंदात पडू नका, एक पाऊल पुढे जा. नट तुम्हाला ओळखतात, जाऊ देतील. ०.७ मीटरच्या आत मात्र रेंजफाइंडर फोकस करत नाही, हे लक्षात राहू द्या.

नागपूरला जाल तेव्हा आपलं कार्ड आणि आपली लेन्स सोबत न्या. एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरची धूळ बघा. धूळ निघते, ओरखडा निघत नाही. खिडकीतून रस्त्यापलीकडच्या लांबच्या खांबावर दोन प्रतिमा जुळतात का बघा, आणि मग लाइव्ह व्ह्यू लावून तोच फोकस पडद्यावर मोठा करून ताडून घ्या. एम ८ मध्ये ही सोय नव्हती. २४० वर रेंजफाइंडर खरं बोलतोय की नाही हे दोन मिनिटांत उघडं पडतं. पट्टा अडकवायच्या दोन्ही कड्या ओढून बघा. सुरुवातीच्या काही एम २४० मध्ये त्या सैल निघाल्या होत्या आणि २०१४ मध्ये कंपनीनंच तसं कळवलं होतं. बॅटऱ्या दोन मागा; जुन्या मॉडेलची बॅटरी मागाहून शोधत बसणं हे डोकं उठवणारं काम आहे. परदेशातून परस्पर मागवायचा मोह आवरा. सीमाशुल्क, पार्सलची हाताळणी आणि बिघडलं तर परत पाठवायची यातायात, यांत तिकडची स्वस्ताई जिरून जाते.

आणि घरी आणल्यावर कूलर असलेल्या खोलीत ठेवू नका. ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो, तेव्हा माणसं कूलरसमोर बसणारच. पण तो कूलर दिवसभर खोलीत पाणी फेकत असतो, आणि भिंगांवर चढणाऱ्या बुरशीला आवडतो तो तोच दमटपणा. आपण समजतो बुरशी पावसाळ्यात येते. कपाट कूलरच्या खोलीत असेल तर ती उन्हाळ्यातही येते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, तळाशी रंग बदलणारी सिलिका जेल, आणि तो डबा मधल्या खोलीत. रंग उतरला की जेल तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा भरा. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा महिनोन्‌महिने ठेवू नका, चामडं ओल धरतं.

एम ८ विकू नका. येईल ती किंमत कमीच येईल, आणि ज्या दोषानं तुम्हाला छळलं तो दिवसा कामाचा आहे. अवरक्त किरण आत घेणारा कॅमेरा मुद्दाम करून घ्यायला लोक पैसे मोजतात. तुमच्याकडे तो आयता आहे. नोक्टनवर ७२० नॅनोमीटरचा अवरक्त फिल्टर चढवा. एसएलआरवर असा फिल्टर लावला की खिडकीत काळोख होतो, कारण बघायचं लेन्समधूनच असतं. रेंजफाइंडरची खिडकी वेगळी असल्यामुळे तुम्हाला सगळं नेहमीसारखं दिसत राहतं. भर दुपारी मालगुजारी तलावाच्या पाळीवर उभे राहा: झाडं पांढरीशुभ्र, पाणी आणि आभाळ काळं. अवरक्त किरणांचा फोकस नेहमीच्या जागी पडत नाही, म्हणून दोन प्रतिमा जुळल्यावर रिंग किंचित जवळच्या अंतराकडे सरकवा आणि छिद्र ८ वर ठेवा. ८ ला नोक्टनची ती खोडही झाकली जाते.